घूस अडली तर: पिंजऱ्यात वाढलेल्या रानउंदरांच्या बाळंतपणाविषयी

प्रश्न थोडक्यात असा: "परभणीजवळच्या एका महाविद्यालयात विषारी आमिषांच्या चाचण्यांसाठी आम्ही शेतातल्या घुशी आणि जर्बिल हे रानउंदीर पाळतो. मूळ जनावरं हरभऱ्याच्या धुऱ्यावरची बिळं खणून आणली होती. आता पिंजऱ्यातच जन्मलेल्या माद्या विताहेत. गेल्या उन्हाळ्यात काही माद्या विताना मेल्या, काहींचे दिवस उलटले तरी व्याल्या नाहीत, काहींनी व्याल्यावर पिल्लं खाल्ली. इतक्या गुटगुटीत माद्यांना बाळंतपण जड का जातं? कळा आणणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यावं का, आणि किती?"

मी जनावरांची डॉक्टर. बरंचसं आयुष्य गायी-म्हशींत गेलं, पण मधली काही वर्षं एका प्राणीगृहाची जबाबदारी होती. त्यामुळे अडलेली म्हैस आणि अडलेली घूस दोन्ही जवळून पाहिल्या आहेत. म्हशीला हात घालून पारडू वळवता येतं. अडीचशे ग्रॅमच्या, चावऱ्या आणि घाबरलेल्या जनावराला आपला हात लागला की बहुतेक वेळा नुकसानच होतं. म्हणून इंजेक्शनाचं शेवटाकडे सांगते. तुमच्या माद्या ज्यानं मेल्या ते बहुधा विण्याच्या रात्री घडलेलं नाही. ते आधीचे तीन-चार आठवडे पिंजऱ्यात, खाण्यात आणि खोलीच्या तापमानात घडत होतं.

शिवाय विताना मेलेली मादी, दिवस उलटलेली मादी आणि पिल्लं खाल्लेली मादी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच कारण शोधू नका.

दिवस उलटल्याचं आधी बघू. घबराट यातच सगळ्यात जास्त होते आणि खरा आजार यातच सगळ्यात कमी असतो. शेतातली लहान घूस साधारण २१ ते २५ दिवसांत विते. आपल्याकडचं जर्बिल २६ ते ३० दिवस घेतं. पांढऱ्या उंदराचे २१-२३ दिवस डोक्यात ठेवून जर्बिलच्या पिंजऱ्यासमोर बसलात तर प्रत्येक मादी तुम्हाला 'वर गेलेली' वाटणार. दुसरं असं, की नर सोडला ती तारीख तुमच्या वहीत असते, मादी फळली ती तारीख नसते. घाबरट जोडी आठ-दहा दिवस एकमेकांना जवळ येऊ देत नाही. घुशी तर एकेकट्या बिळात राहणाऱ्या, त्यांचे पहिले काही दिवस भांडणातच जातात.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उंदीरवर्गातल्या पुष्कळ माद्या व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येतात. नर पिंजऱ्यातच असेल तर त्या लगेच गाभण राहतात, आणि अंगावर पिल्लं पीत असली तर नवे गर्भ गर्भाशयाला चिकटायला वेळ लावतात. पिणारी पिल्लं जास्त असतील तर ही दिरंगाई आठवड्याची किंवा त्याहूनही जास्त होते. म्हणजे अंगावर पाजणारी मादी वहीतल्या हिशेबापेक्षा आठवडाभर उशिरा व्याली तर ते अगदी नैसर्गिक आहे. तिला इंजेक्शन टोचलंत तर पोटातली अपुऱ्या दिवसांची पिल्लं बाहेर काढायला निघालात असा त्याचा अर्थ.

मग कळायचं कसं? वजनावरून. मादीला हातात धरू नका. तिच्या झोपायच्या डब्यासकट तिला किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा आणि डब्याचं वजन वजा करा. एक दिवसाआड, एकाच वेळेला. गाभण मादीचं वजन शेवटच्या आठवड्यात झपाट्यानं चढतं. वजन चढत असेल, मादी खातेय, घरटं रचतेय, तर तारीख विसरा. वजन चढून हळूहळू उतरलं, पिल्लं दिसली नाहीत आणि रक्तही दिसलं नाही, तर तिनं गर्भ आतल्या आत जिरवले आहेत. उंदरांत हे नेहमी होतं. गाय गाभडली की गर्भ बाहेर पडलेला दिसतो, इथं काहीच दिसत नाही. असे चार-दोन आलेख लागोपाठ मिळाले तर माद्यांऐवजी खाणं आणि खोलीचं तापमान तपासा.

आता 'गुटगुटीत'. या एका शब्दातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. रानातली घूस रात्रभर माती उकरते, धान्य ओढते, धावते. तुमची मादी दोन फुटांच्या पिंजऱ्यात बसून ज्वारी, बाजरी, शेंगदाणे आणि करडई खाते. करडई आणि सूर्यफुलाचं बी समोर असलं तर जर्बिल दुसरं काही खातच नाही, वरचं तेलकट बी वेचून घेतं आणि बाकीचं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पुरून ठेवतं. वाटी रिकामी दिसली की तुम्ही पुन्हा भरता. अशा मादीच्या ओटीपोटात चरबी साठते, पिल्लू बाहेर यायची वाट अरुंद होते, आणि गर्भाशयाचा स्नायू थोडा वेळ कळा देऊन दमतो.

त्याहून वाईट म्हणजे कॅल्शियम. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं २५ मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत ४२. फॉस्फरस मात्र ज्वारीत २२२ आणि बाजरीत २९६. प्रयोगशाळेतल्या गाभण आणि पाजणाऱ्या उंदरीणीच्या खाद्यात शंभर ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असावं लागतं, फॉस्फरसहून जास्त. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. नुसत्या धान्यावरची मादी पिल्लांची हाडं स्वतःच्या हाडांतून घडवते. गर्भाशय आकुंचन पावतं ते कॅल्शियमच्या जोरावर. ते कमी पडलं तर कळा येतात, एक-दोन पिल्लं पडतात आणि पुढं काम थांबतं. आत सहा-सात पिल्लं राहिलेली, मादी थंड पडलेली, कोपऱ्यात केस पिंजारून बसलेली. तुम्ही पाहिलेलं चित्र हेच असेल तर मला नवल वाटणार नाही.

उपाय महाग नाही. प्रयोगशाळेच्या उंदरांसाठीच्या तयार गोळ्या मिळतात, त्या मुख्य खाद्य म्हणून द्या. धान्य चवीपुरतं. एकदम बदलू नका, रानउंदीर नवीन खाण्याला बिचकतो आणि दोन-चार दिवस उपाशी राहतो. गाभण मादीला तो उपासही बाधतो. म्हणून हा बदल जोडी लावण्याआधी करायचा. गोळ्या नसतील त्या आठवड्यात नाचणी द्या, तिच्यात शंभर ग्रॅमला ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. जोडीला मूठभर लसूणघास, तो तर आपल्याकडे दुधाच्या जनावरांसाठी गावोगावी पेरलेला असतो. मात्र ज्या रानात फवारणी झाली असेल तिथला नको. करडई आठवड्यातून चिमूटभर.

एक जुनी गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असं आढळलं, की एका ठरावीक कृत्रिम आहारावरच्या उंदरीणी दिसायला धडधाकट असतात, फळतात, पण त्यांचे गर्भ पोटातच मरून जिरतात. लेट्यूसची पानं दिली, पुढं गव्हाचा अंकुर दिला, की पिल्लं होतात. जीवनसत्त्व ई सापडलं ते असं, उंदरीणींच्या बुडालेल्या गर्भांतून. तुमच्या प्राणीगृहात खवट झालेली शेंगदाण्याची पेंड किंवा जुने, कुबट दाणे वापरात असतील तर हेच होऊ शकतं, कारण खवट तेल जीवनसत्त्व ई नासवतं. वर बुरशीचं विष असतं ते वेगळं. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी "उंदरांनाच तर घालायचीय" म्हणून प्राणीगृहात येते. बुरशीची काही विषं मादीच्या संप्रेरकांसारखी वागतात आणि गर्भ टिकू देत नाहीत. जी ज्वारी आपण भाकरीला घेणार नाही ती गाभण मादीलाही नको.

तुम्ही उन्हाळा म्हणता. परभणीचा मे म्हणजे पारा ४२-४४ वर. धुऱ्याखाली दोन-तीन फुटांवर घुशीचं बीळ असतं, तिथं बाहेरच्या उन्हाची झळ पोहोचत नाही. तुमच्या पत्र्याच्या खोलीत पोहोचते. खोली ३२ अंशांच्या वर दिवसचे दिवस राहिली की गाभण मादी कमी खाते, गर्भ जिरतात, जगलेली पिल्लं अशक्त होतात, दूध आटतं. ऐन विण्याच्या वेळी उष्माघात झालेली मादी आणि अडलेली मादी वरवर सारखीच दिसते: धापा टाकते, लाळेनं हनुवटी ओली, आडवी पडलेली. पहिलीला सावली, ओलावा आणि वारा लागतो. तिला अडलेली समजून उचलून टेबलावर घेतलंत तर ती तिथंच जाते.

कूलर लावता येतो, पण मराठवाड्यात कूलर म्हणजे वीज आणि पाणी दोन्हींचा भरवसा हवा. शिवाय कूलरच्या दमट हवेत मुताचा अमोनिया कोंडतो, म्हणून एक्झॉस्ट पंखा हवाच. मला स्वतःला साधा उपाय जास्त पटतो. पिंजऱ्यात माती भरलेलं मोठं तसराळं, त्यात निम्मं पुरलेलं आडवं मडकं, बाहेरून माती रोज थोडी ओली करायची. दुपारी वीज गेली तरी मडक्याच्या आत मादीला आधार राहतो. आणि खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये विणं येईल अशा जोड्या लावूच नका. संशोधनाचं वेळापत्रक मार्चअखेरीवर चालतं हे मला माहीत आहे, पण उंदरांना ते कळवण्याची सोय नाही.

भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पांढऱ्या उंदरांवर शिकलेली मंडळी इथंच चुकतात. पिंजऱ्यात जन्मलेली म्हणजे माणसाळलेली असं नसतं. पांढरा उंदीर शेकडो पिढ्यांच्या निवडीतून आलेला आहे. तुमची घूस पिंजऱ्यात जन्मली तरी वृत्तीनं धुऱ्यावरचीच. झाडूचा आवाज, नवा माणूस, शेजारच्या खोलीतलं मांजर, यातलं काहीही झालं की तिच्या अंगात अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, आणि अ‍ॅड्रेनॅलिन गर्भाशय सैल करतं. रानात याचा उपयोग आहे: कळा सुरू असताना साप आला तर मादीला विणं थांबवून पळता येतं. पिंजऱ्यात पळायला जागा नाही, तुम्ही दर अर्ध्या तासाला टॉर्च घेऊन येता आणि विणं दर अर्ध्या तासाला थांबतं. १९६६ साली नाइल्स न्यूटन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या लहान उंदरांच्या (माउस) माद्यांची विताना पुन्हा पुन्हा जागा बदलून पाहिली. त्यांचं विणं लांबलं आणि मेलेली पिल्लं जास्त निघाली. शेकडो पिढ्या माणसाळलेल्या जातीची ही गत, तर घुशीची काय असेल?

म्हणून अपेक्षित तारखेच्या पाच-सहा दिवस आधी पिंजरा एकदा स्वच्छ करा आणि मग व्याल्यानंतरच्या आठवड्यापर्यंत हात लावू नका. पाणी आणि खाणं बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा. पिंजऱ्याच्या तीन बाजू गोणपाटानं झाका. बघायचंच असेल तर जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून ठेवा, किंवा मंद लाल दिवा वापरा, उंदरांना तो प्रकाश फारसा जाणवत नाही. घरट्यासाठी वाळलेलं मऊ गवत, कडब्याची पानं, कागदाच्या पट्ट्या द्या. कापूस देऊ नका. आपल्याकडे तो हाताशी असतो आणि मऊही दिसतो, पण त्याचे लांब धागे पिल्लांच्या पायाला आवळून बसतात, पाय काळे पडतात.

नर विण्याच्या चार-पाच दिवस आधी काढा, घुशींत तर नक्कीच. मात्र फळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा नर आणू नका. नुकत्याच फळलेल्या मादीला परक्या नराचा वास आला तर तिचा गाभ टिकत नाही, हे हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये प्रयोगशाळेतल्या लहान उंदरांत (माउस) दाखवलं. तुमच्या जातींत ते तितकंच घडेल असं मी म्हणत नाही, पण न करण्यात तोटा काहीच नाही.

सगळी जनावरं एकाच धुऱ्यावरच्या बिळांतली, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दुसऱ्या पिढीत भाऊ-बहिणींच्याच जोड्या. अशा वसाहतीत पिल्लांची संख्या घटते आणि मेलेली पिल्लं वाढतात. आणि एक-दोनच मोठी पिल्लं असलेल्या पोटाला विण्याचा त्रास आठ लहान पिल्लांच्या पोटापेक्षा जास्त होतो, कारण पिल्लू मोठं होऊन वाटेत बसतं. दुसऱ्या गावच्या शिवारातून नवे नर आणा. महिनाभर वेगळे ठेवा, पिसवा-गोचिड्या काढा, मग मिसळा.

तुमच्या खोलीत विषाच्या आमिषांचं काम चालतं, त्यामुळे हेही विचारायला हवं: मेलेल्या माद्यांना रक्तस्राव किती झाला होता? ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक ०.००५ टक्के इतक्या बारीक प्रमाणात आमिषात असतं आणि रक्त गोठण्याची क्रियाच बंद पाडतं. ते यकृतात महिनोन्महिने राहतं. शेतात आमिष टाकल्यावर पकडलेली मादी, किंवा चाचणीच्या खोलीतला मापाचा चमचा ज्या मादीच्या वाटीत फिरला ती, एरवी ठणठणीत दिसू शकते. विते तेव्हा वार सुटल्यावर गर्भाशयाच्या आतली जागा उघडी पडते, आणि तिथलं रक्त थांबत नाही. पिल्लं सगळी बाहेर, मादी पांढरीफटक आणि मेलेली. हे अडणं नव्हे. इथं ऑक्सिटोसिन शोधत बसू नका, जीवनसत्त्व के-१ लागतं, आणि तेही वेळेत. चाचणीची आणि पैदाशीची भांडी, झाडू, हातमोजे, शक्य असेल तर माणूससुद्धा वेगळा ठेवा.

आता खरोखर अडलेली मादी. इंटरनेटवर गिनीपिगचं वाचून आलेले विद्यार्थी विचारतात, की पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर कमरेचं हाड जुळून मादी अडते ना? ते गिनीपिगचं खरं आहे. त्यांची पिल्लं केसाळ, उघड्या डोळ्यांची, मोठी असतात, दोन महिन्यांहून जास्त पोटात राहतात. घुशीची पिल्लं नागडी, मिटल्या डोळ्यांची, इवलीशी. तिथला नियम इथं लावू नका. वय झालेली, लठ्ठ आणि पहिलटकर, असं तिन्ही एका मादीत आलं तर मात्र जपा.

तसंच पिल्लू शेपटीकडून आलं म्हणून घाबरू नका. उंदरांत बरीच पिल्लं तशीच येतात आणि बिनत्रास येतात. थोडं रक्त, मादीनं वार खाणं, दोन पिल्लांमध्ये पाच-दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचं अंतर, हे सगळं नेहमीचं. एरवी दोन-तीन तासांत काम आटपतं. काळजी कधी करायची? जोर लावतेय, पोट आवळतंय, आणि दोन तासांत एकही पिल्लू नाही. पिल्लू अर्धवट बाहेर येऊन तसंच लोंबतंय. काळपट-हिरवट किंवा दुर्गंधीचा स्राव. मादी घरटं सोडून थंड जमिनीवर पडलीय, पाठ वाकवलेली, केस उभे, डोळ्यांभोवती लालसर पापुद्रा. हा पापुद्रा रक्ताचा नसतो, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो, आणि उंदीर फार त्रासात असल्याची ती खूण आहे.

अशा वेळी आधी ऊब द्या. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याखाली फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे नको असेल तर मादीला सरकता येतं. उन्हाळ्यात अर्थात याच्या उलट. खोलीत अंधार करा, सगळ्यांना बाहेर काढा, अर्धा-पाऊण तास थांबा. भीतीनं थांबलेलं विणं एवढ्यानं पुन्हा सुरू होतं. नाही झालं तर डॉक्टर. परभणी आणि उदगीर दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वितानाच्या रात्री शोधाशोध करण्यापेक्षा जोड्या लावतानाच तिथल्या कोणाशी बोलून ठेवा.

ऑक्सिटोसिन. गोठ्यात पान्हा सोडवायला वापरतात ती बिनलेबलची बाटली कुणी आणून दिली तर ती घेऊ नका. तिच्यात किती औषध आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि पिल्लू वाटेत आडवं बसलेलं असताना ऑक्सिटोसिन दिलं तर गर्भाशय फाटतं. म्हणून आधी वाट मोकळी आहे का ते पाहायचं, आणि त्यासाठी मादीला शुद्धीवर धरून ठेवणं मला मान्य नाही. पेटीत आयसोफ्लुरेननं गुंगी देऊन मगच तपासावं. पिल्लू तोंडाशीच अडकलेलं असेल तर जेल लावून, ओल्या गॉजच्या तुकड्यानं, कळेबरोबर हलकेच ओढता येतं. तीन-चार ग्रॅमचं पिल्लू जोरानं ओढलं तर तुटतं.

वाट मोकळी आहे आणि कळाच मंदावल्या आहेत, अशी खात्री पटली तर आधी कॅल्शियम ग्लुकोनेट आणि ग्लुकोज पातळ करून कातडीखाली, मग काही वेळानं ऑक्सिटोसिन. लहान उंदीरवर्गीय जनावरांत सर्वसाधारण मात्रा किलोमागे एक युनिट धरतात. हिशेब करून बघा. अडीचशे ग्रॅमच्या घुशीला पाव युनिट. अँप्यूलमध्ये एका मिलिलिटरला पाच युनिट असतात, म्हणजे तिला हवं ०.०५ मिलिलिटर. साध्या सिरिंजनं एवढं मोजता येत नाही. दहापट पातळ करून अर्धा मिलिलिटर घ्यायचं. आणि इन्सुलिनच्या सिरिंजवर जे 'युनिट' छापलेले असतात ते इन्सुलिनचे. त्या खुणांवर बघून ऑक्सिटोसिन भरलं तर मात्रा कुठल्या कुठं जाते. दोन-तीन तासांत काही झालं नाही तर डोस वाढवत बसू नका. तेव्हा पोट उघडून पिल्लं काढणं किंवा मादीला वेदना न होऊ देता मृत्यू देणं, हेच दोन मार्ग उरतात. चाचणीसाठी ठेवलेल्या वसाहतीत मी बहुतेकदा दुसरा मार्ग सुचवते. रानमादी टाके कुरतडते, पिल्लं जवळ घेत नाही, आणि आठवडाभर जे सोसते त्यातून कुणाच्याच हाती काही लागत नाही. तुमच्या संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीत अशा वेळी काय करायचं ते आधीच लिहून घ्या, म्हणजे मध्यरात्री सहीसाठी फोन करावा लागणार नाही.

पिल्लं खाण्याचं थोडक्यात सांगते. मेलेलं किंवा अशक्त पिल्लू मादी खातेच, त्यात विकृती काही नाही. जिवंत, पोटात पांढरं दूध दिसणारी पिल्लं खाल्ली असतील तर तीन गोष्टी बघा: पाण्याच्या बाटलीची नळी चोंदली होती का, पहिल्या तीन-चार दिवसांत कुणी घरटं उघडलं होतं का, आणि शेजारच्या पिंजऱ्यातली घूस जाळीतून दिसते का. जर्बिल रानात कमी पाण्यावर राहतं म्हणून पाजणाऱ्या मादीला पाणी कमी दिलेलं मी ऐकलं आहे. पाजताना तिला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं.

हातमोज्यांचं मात्र थोडक्यात आटपत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभरात, ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. पडझड झालेल्या घरांतलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांच्याशी तेव्हा त्याचा संबंध जोडला गेला. आपण ज्याला जर्बिल म्हणून पाळतोय, तोच उंदीर भारतात रानातल्या प्लेगचा मुख्य वाहक मानला जातो. तुमच्या दुसऱ्या पिढीच्या जनावरांत तो असेल असं मी म्हणत नाही, पण लेप्टोस्पायरा हा माणसाला ताप आणणारा जंतू तर घुशीच्या मुतात केव्हाही असू शकतो, आणि विण्याच्या वेळचं पाणी, वार, रक्त या सगळ्यात मूत मिसळलेलं असतं. उघड्या हातानं मेलेलं पिल्लू उचलू नका. हातावर चीर असेल तर दुहेरी मोजे. चाव्यानंतर किंवा अशा कामानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना 'व्हायरल असेल' म्हणू देऊ नका, उंदरांत काम करतो हे आधी सांगा.

आता पुढं काय करायचं? यापुढं विताना मादी मेली तर ती फेकू नका. बर्फावर, फ्रीजरमध्ये नव्हे, काही तासांत शवविच्छेदनाला पाठवा. गोठवलेलं गर्भाशय उघडल्यावर फार कमी सांगतं. उंदरीणीच्या गर्भाशयाला दोन शिंगं असतात. दोन्हींत किती पिल्लं, कोणती ताजी, कोणती कुजलेली, वाटेत एखादं अडकलंय का, ओटीपोटात चरबी किती, पोटात मोकळं रक्त आहे का, यकृत कसं दिसतंय, हे लिहून घ्या. गर्भाशय आणि यकृताचा तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवा. सोबत तिचा वजनाचा आलेख, खाण्याची यादी आणि त्या आठवड्याचं खोलीचं कमाल तापमान पाठवा. हे तीन कागद असले तर पोट उघडायच्या आधीच अर्धं निदान होतं.

तोवर सध्याच्या लठ्ठ माद्या नरापासून वेगळ्या करा, गोळ्यांवर आणा, पळायला चाक किंवा लांब नळी द्या, आणि नव्या जोड्या पाऊस पडून खोली थंडावल्यावर, जुलैच्या सुमाराला लावा.